श्रीदासोपंत : विश्वास आणि शोध

आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाई हे मोठे पुण्यक्षेत्र आहे. आई योगेश्वरीचे ठाणे तेथे, विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी तेथे, आणि श्रीदासोपंतांची समाधीही तेथेच. शेगावची पालखी परळीहून निघून अंबाजोगाईस येते, तेव्हा हजारो वारकरी त्या पुण्यभूमीवर पाठ टेकतात. त्यांना योगेश्वरी ठाऊक असते, मुकुंदराज ठाऊक असतात. पण दासोपंत म्हटले म्हणजे ते पासोडीवाले ना, एवढीच बहुतेकांची ओळख. हे पुरुष नाथमहाराजांचे समकालीन व स्नेही होते. उपास्य त्यांचे दत्तात्रेय, परंतु त्यांच्या चरित्रात आम्हां विठ्ठलभक्तांनी मनाशी धरावी अशी एक गोष्ट आहे. ती सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कीर्तनाला बसलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न नेहमी घोळत असतो. तो उठून कोणाला विचारीत नाही, कारण लाजतो. देव भक्तासाठी खरोखर धावून येतो काय? दामाजीसाठी आला, जनाबाईचे दळण दळून गेला, हे आम्ही ऐकतो, डोळ्यांत पाणीही येते. पण घरी जाताना वाटेत मन विचारते, माझ्या वेळी का नाही आला? औंदा पाऊस दडी मारून बसला, जनावरे दावणीला उपाशी मेली, पोटचे पोर तापात गेले, तेव्हा कोठे होता? आणि असा प्रश्न मनात आला म्हणून आपण अभक्त ठरलो की काय, ही दुसरी भीती वर असतेच. अशा माणसाने दासोपंतांकडे पाहावे. त्यांच्याकडे देव आला असे त्यांचे चरित्र सांगते, आणि तरीही त्यांचा प्रश्न सुटला नाही. किंबहुना तेथूनच त्यांच्या प्रश्नाला आरंभ झाला.

दासोपंतांचा जन्म शके १४७३, म्हणजे इ. स. १५५१ मध्ये, नारायणपेठ येथे झाला. वडिलांचे नाव दिगंबरपंत, मातोश्रींचे पार्वतीबाई. घराणे देशपांड्यांचे. देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब ठेवणारा वतनदार. रयतेकडून वसूल यावा, त्याचा जमाखर्च लागावा आणि रक्कम सरकारात भरली जावी, ही त्याची जोखीम. त्या काळी बीदरच्या तख्तावर बरीदशाही होती. घरात विद्या होती, अन्न होते, मानमरातब होता. मुलाची मुंज झाली, पुढे लग्नही झाले. चार लोकांसारखे सगळे सुरळीत चालले होते.

मग दुष्काळ आला. आमच्या मराठवाड्याला दुष्काळ काय असतो हे सांगावे लागत नाही. वसूल थकला. दिगंबरपंतांनी सरकारी धान्य उपाशी रयतेला वाटून टाकले असे परंपरेत सांगतात. कसेही असो, बीदरचा भरणा राहिला. रक्कम लहान नव्हती. पंतांना दरबारात बोलावणे झाले, आणि बादशहाने मुलाला ओलीस ठेवून घेतले. एका महिन्यात पैसा आला तर मुलगा परत. न आला तर त्याचा धर्म बदलून त्याला येथेच ठेवून घेऊ, असा करार झाला. मुलाचे वय पंधरा-सोळाच्या घरातले. बाप मुलाला तेथे सोडून गावी परतला, आणि मुलगा बीदरच्या कोटात दिवस मोजू लागला.

हा महिना मनासमोर आणून पाहावा. रोजच्या खर्चासाठी म्हणून त्याला दरबारातून जे मिळे, ते तो दान करून टाकी आणि दत्तात्रेयांचे स्मरण करीत बसे, असे चरित्रकार सांगतात. मोठ्या संतांच्या गोष्टी आपण ऐकतो तेव्हा शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून मधली भीती आपल्याला जाणवत नाही. पण त्या मुलाला शेवट ठाऊक नव्हता. बाप पैसा कोठून आणणार, हे त्याला घरच्या जमाखर्चावरून कळत असणार. विसावा दिवस गेला, पंचविसावा गेला. ज्याचे नाव घ्यायचे तो ऐकतो की नाही याची काही खूण नाही. अशा वेळी घेतलेले नाम हेच खरे नाम, कारण त्याच्या बदल्यात अजून काहीही मिळालेले नसते.

मुदतीच्या अखेरच्या दिवशी दरबारात एक माणूस आला. अंगावर गावकामगाराचा साधा वेष. त्याने आपले नाव दत्ताजी पाडेवार असे सांगितले. दिगंबरपंतांच्या घराण्याचा आपण पिढीजाद चाकर आहोत, त्यांनी भरणा पाठविला आहे, असे सांगून सगळी रक्कम मोजून दिली, पावती मागितली आणि मुलाला सोडविले. पाडेवार म्हणजे गावकीचा निरोप्या आणि राखणदार. पंक्तीत ज्याला जागा नाही, उंबऱ्याच्या बाहेर ज्याने उभे राहायचे, असा माणूस. बादशहानेही दिलेला शब्द पाळला, मुलाला सन्मानाने घरी पाठविले, हे विसरू नये. घरी आल्यावर उलगडा झाला तो असा, की दिगंबरपंतांनी कोणालाही पाठविले नव्हते आणि त्यांच्या पदरी दत्ताजी नावाचा कोणी पाडेवार नव्हता.

आता येथे चिकित्सक वाचक हात वर करील. तो म्हणेल, बुवा, ही तर दामाजीपंतांचीच गोष्ट झाली. तेथेही बीदरचाच बादशहा, तेथेही दुष्काळ, तेथेही धान्याची कोठारे खुली केलेली, आणि तेथेही विठू महाराच्या रूपाने देव थैली ओतून गेला. एका कथेवरून दुसरी बेतली नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यावर डोळे वटारण्याचे काही कारण नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या दरबाराचा कागद आपल्या हातात नाही. चरित्र लिहिणाऱ्यांनी प्रेमाने लिहिले, आणि प्रेम आपल्या ओळखीच्या वाटेने चालते. शिवाय याहून कठीण प्रश्न पुढे आहे. त्या दुष्काळात एका देशपांड्याच्या मुलासाठी देव पैशाची थैली घेऊन आला, तर त्याच दुष्काळात जी शेकडो घरे बसली त्यांच्यासाठी कोण आले? या प्रश्नाला पाठ दाखवून श्रद्धा वाचविता येत नाही. दिगंबरपंतांनी धान्य वाटले असेल, तर त्या भुकेल्यांच्या दारी देव आला तो पंतांच्या रूपाने, एवढे म्हणता येते. ज्याला देव माणसाच्या वेषात येतो हे मान्य आहे, त्याने हेही मान्य करावे. पण सगळ्यांच्याच दारी असा कोणी आला असे म्हणवत नाही, आणि म्हणू नये.

असो. आपल्या विषयाला महत्त्व आहे ते पुढच्या घटनेला. मुलगा परत आला, घरात दिवाळी झाली. वडिलांचे कर्ज फिटले, आईचे बाळ मिळाले, सुनेचे सौभाग्य राहिले. देवाने तारले म्हणून नैवेद्य करावा, वर्षातून एकदा पूजा घालावी आणि वतनाचा कारभार बघावा, एवढ्यावर कोणाचाही संसार सुखाने चालला असता. दहांतले नऊ लोक हेच करतात, आणि त्यात पाप काही नाही. पण या मुलाच्या डोळ्यांपुढून तो दत्ताजी हलेना. तो कोण होता? माणूस असेल तर कोणाचे कोण, एवढी रक्कम देऊन न बोलता का गेला? देव असेल तर मी त्याला समोर पाहूनही ओळखले कसे नाही? सगळे म्हणत होते, दत्तप्रभूच होते. दुसऱ्यांनी म्हटल्याने त्याचे समाधान होईना.

आमच्या न्यायशास्त्रात संशयाला मानाचे स्थान आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गौतममुनींनी सोळा पदार्थ सांगितले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच तिसरा क्रमांक संशयाचा आहे. ज्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याचा कोणी विचार करीत नाही. जे ठरून गेले त्याचाही कोणी विचार करीत नाही. विचार होतो तो संशय असलेल्या गोष्टीचा. शास्त्रातले उदाहरण असे आहे. तिन्हीसांजेला दूर काहीतरी उभे दिसते. खुंट आहे की माणूस आहे हे कळत नाही. आता तीन प्रकारचे लोक असतात. एक घाबरून माघारी पळतो. दुसरा जेथल्या तेथे बसून खुंट की माणूस, खुंट की माणूस, एवढेच रात्रभर घोकत राहतो. तिसरा काठी टेकीत टेकीत जवळ जातो. संशय तिघांनाही आहे, पण जवळ जाणाऱ्याचा तेवढा फिटतो.

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी संशयी पुरुषाचा नाश होतो असे सांगितले आहे, आणि तेवढेच ऐकवून कित्येकदा शंका विचारणाऱ्याचे तोंड बंद करतात. पण त्याच अध्यायाच्या शेवटी भगवंत काय सांगतात ते पाहावे. हृदयात बसलेला संशय ज्ञानाच्या तरवारीने छेद आणि ऊठ, अशी अर्जुनाला आज्ञा आहे. डोळे मीट असे सांगितलेले नाही. अर्जुनाने तर सबंध गीताभर शंका विचारल्या, आणि भगवंतांनी एकदाही त्याला रथातून उतरविले नाही. नाश होतो तो दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा, जो बसून राहिला त्याचा. नारायणपेठेचा हा मुलगा तिसऱ्या प्रकारचा निघाला. त्याचा प्रश्न खुंट की माणूस असा नव्हता, माणूस की देव असा होता. तो उठला आणि जवळ जायला निघाला. एके दिवशी कोणाला न सांगता त्याने घर सोडले.

तो मातापुरास, म्हणजे माहुरास गेला. रेणुकामातेचे आणि दत्तप्रभूंचे ते स्थान. आजूबाजूला दाट रान. तेथे दासोपंतांनी बारा वर्षे तप केले असे परंपरा सांगते. या बारा वर्षांत काय घडले याविषयी चरित्रकार फार थोडे सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण सांगण्यासारखे बहुधा काही घडले नसावे. बीदरला एका महिन्यात देव आला. माहुरास वर्षामागून वर्षे गेली. तेथे फक्त संकट टळायला हवे होते, येथे ओळख हवी होती. संकट टाळणारा पैसा देऊन जातो. ओळख पटायला सहवास लागतो. आपल्या वारीचे तरी दुसरे काय आहे? पहिल्या वारीत कोणाला पांडुरंग कळत नाही. पाय सुजतात, पावसात भिजतो, रांगेत उभे राहून क्षणभर दर्शन होते न होते तोच पुढे ढकलले जातो. तरी पुढच्या आषाढीला माणूस पुन्हा निघतो. या पुन्हा निघण्याला श्रद्धा म्हणावे. सगळे कळले म्हणून तो निघत नाही, कळावे म्हणून निघतो.

आता एक बाजू अशी आहे की जी सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. दासोपंत माहुरास बसले, तेव्हा घरी तीन माणसे होती. म्हातारे आईबाप, आणि जिचे लग्न होऊन थोडाच काळ गेला होता अशी ती मुलगी. दासोपंतांजवळ निदान दत्ताजीची आठवण होती. या तिघांजवळ काय होते? आधी एक महिना मुलगा जाणार म्हणून रडले. तो परत आला आणि स्वतःच्या पायांनी निघून गेला. जिवंत आहे की नाही, कोठे आहे, काही वार्ता नाही. धर्मशास्त्रात असे आहे की परागंदा झालेला मनुष्य बारा वर्षांत परतला नाही, तर तो मेला असे समजून पळसाच्या पानांचा पुतळा करावा आणि त्याला अग्नी द्यावा. याला पालाशविधी म्हणतात. म्हणजे बारा वर्षे सरत आली की त्या मुलीच्या कुंकवाची मुदत सरत आली. बीदरच्या कोटातल्या मुलाने एक महिना दिवस मोजले. हिने बारा वर्षे मोजले.

संतांच्या चरित्रात अशा माउल्यांची नावे मागे पडतात, कीर्तनातही आम्ही त्यांच्यावरून भरभर पुढे जातो. पण श्रद्धेचा विचार करायचा तर या घरातली श्रद्धा तपाहून कमी मानता येणार नाही. गावातल्या बायकांनी विचारले असेल, आणखी किती दिवस वाट पाहतेस? सासूसासऱ्यांनाही रात्री वाटले असेल, की हे सगळे व्यर्थ आहे. असे वाटले म्हणून त्यांची श्रद्धा गेली असे म्हणायचे काय? जो संशय मनात असूनही माणूस पुढच्या दिवशी सडा घालतो, दिवा लावतो, दार उघडे ठेवतो, त्या संशयाला देव पाप मानीत नसावा.

माहुराहून दासोपंत राक्षसभुवनास आले. हे क्षेत्र आपल्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी आहे. पुढे इ. स. १७६३ मध्ये थोरल्या माधवरावांची आणि निजामाची लढाई झाली तेच हे गाव. जवळच पांचाळेश्वर आहे, जेथे दत्तप्रभू मध्यान्हीच्या भोजनास येतात अशी श्रद्धा आहे. या राक्षसभुवनात दासोपंतांना दत्तप्रभूंच्या पादुका मिळाल्या असे चरित्रात आहे. बारा वर्षांच्या शोधानंतर हाती आल्या त्या पादुका. थैली नव्हे, पावती नव्हे. पादुका म्हणजे तो येथून चालत गेला याची खूण, आणि ज्याने त्या डोक्यावर घ्याव्या त्याने मागोमाग चालावे हा संकेत. आम्हां वारकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या पालख्यांतून पादुकाच तर पंढरीस जातात.

तेथून डाकुळगी वगैरे गावी राहून दासोपंत गोदातीरी वाणीसंगमी आले. आईवडील आणि पत्नी मुलाच्या शोधात फिरत तेथेच आले होते. बारा वर्षे झाली, आता तीर्थावर सुनेचा वैधव्यविधी उरकावा, अशा तयारीने ते आले होते असे सांगतात. आणि त्याच घाटावर एक तेजस्वी बैरागी पुढे आला, ज्याला आईने ओळखले. चरित्रकारांनी ही भेट आनंदाची म्हणून सांगितली आहे, आणि ती होतीच. पण आनंदाबरोबर त्या माउलीच्या मनात आणखी काय आले असेल, त्याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरातल्या माणसांकडे बघून करावा. एवढे खरे, की दासोपंत पुन्हा त्यांना टाकून गेले नाहीत. जे शोधायला संसार सोडला होता, ते घेऊन ते संसारात परत आले. आईवडिलांना आणि पत्नीला घेऊन ते अंबाजोगाईस आले. तेथले सीतोपंत देशपांडे यांनी त्यांना आश्रय दिला, आणि शेवटपर्यंत दासोपंत तेथेच राहिले.

येथपर्यंतच्या चरित्रात परंपरेचा भाग पुष्कळ आहे. आता जे सांगायचे आहे त्याला मात्र डोळ्यांनी पाहण्याजोगी साक्ष आहे. अंबाजोगाईत राहून या पुरुषाने जे लिहिले त्याला सीमा नाही. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांच्या लेखणीला लागे अशी आख्यायिका आहे. गीतेवर गीतार्णव नावाची प्रचंड टीका त्यांनी लिहिली. तिची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगतात. एवढ्याने तृप्ती झाली नाही म्हणून गीतार्थबोधचंद्रिका ही आणखी एक टीका लिहिली. ग्रंथराज लिहिला, पदार्णव नावाने पदांचा सागर केला. एका गीतेवर पुन्हा पुन्हा लिहावे असे कोणाला वाटते? सगळे कळून चुकले असे ज्याला वाटते तो एकदा लिहून दौत झाकतो. ज्याची जिज्ञासा जिवंत आहे त्यालाच वाटते की अजून एकदा विचारून पाहावे, अजून काही राहिले आहे.

आणि मग ती पासोडी. कागद पुरला नाही म्हणून की काय, पंतांनी जाड्याभरड्या सुती कापडावर, सुमारे चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद अशा पासोडीवर, पंचीकरण हा विषय सोळाशेच्या आसपास ओव्यांत लिहून काढला. कापडावर शाई पसरते, धागा टाकाला अडवितो, चूक झाली तर पुसता येत नाही. वस्त्रावर लिहिलेला एवढा मोठा ग्रंथ मराठीत दुसरा दाखविता येणे कठीण. अंबाजोगाईकरांनी तो शतकानुशतके जपला, हे त्या गावाचे पुण्य.

पण मला नवल वाटते ते त्यातल्या विषयाचे. ज्याच्या आयुष्यात एवढा मोठा चमत्कार घडला असे जग मानते, त्याने ही पासोडी चमत्काराच्या वर्णनाने भरली असती तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी लिहिले पंचीकरण. म्हणजे काय? आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते एकमेकांत कशी मिसळतात याचा हिशेब. प्रत्येक भूताचे दोन अर्ध करावे. एक अर्ध तसेच ठेवावे, दुसऱ्याचे चार भाग करून बाकीच्या चार भूतांना वाटावे. अशा रीतीने प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि आठवा आठवा भाग इतर चौघांचा असतो. मग हाडे कोणाची, रक्त कोणाचे, भूक कोणाची, श्वास कोणाचा, असे एकेक वेगळे करीत जायचे आणि यांतला मी कोणता ते शोधायचे. देशपांड्याचा मुलगा शेवटी हिशेबच करीत बसला म्हणा ना; फरक एवढाच, की परगण्याच्या जागी देह आला. दत्ताजी कोण, हा प्रश्न घेऊन जो निघाला होता, तो मी कोण या प्रश्नाशी येऊन पोचला. वेदान्ताचा हाच रिवाज आहे. देवाविषयीची शंका प्रामाणिकपणे धरून चालले, तर ती उलटून आपल्याकडेच तोंड करते.

पैठणच्या नाथमहाराजांचा आणि दासोपंतांचा स्नेह प्रसिद्ध आहे. नाथ, दासोपंत, रामाजनार्दन, जनीजनार्दन आणि विठा रेणुकानंदन या पाचांना मिळून एक पंचक मानतात. नाथांच्या दारी दत्तप्रभू द्वारपाल होऊन उभे असल्याचे दासोपंतांनी पाहिले, अशी कथा आहे. नाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी स्वतः दत्तभक्त. नाथांना दत्तप्रभू प्रथम मलंगाच्या वेषात दिसले तेव्हा नाथांनाही ओळख पटली नाही, ती स्वामींनी पटविली, असे सांगतात. पाहा, एकाला पाडेवाराच्या रूपात ओळखता आला नाही, दुसऱ्याला मलंगाच्या रूपात. एवढ्या मोठ्यांची ही स्थिती. मग आपण दारी आलेल्याला ओळखले नाही, तर त्यात नवल काय? फक्त दार लावण्यापूर्वी नीट बघावे, एवढी सवय या कथांनी लागली तरी पुष्कळ झाले.

नाथांचेच दुसरे उदाहरण येथे शोभेल. नाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नाना पाठ शिरले होते. माउलींचा ग्रंथ म्हणजे आमचा प्राण. जसे आहे तसे डोक्याला लावावे, शंका कशाला घ्यावी, असे नाथ म्हणाले नाहीत. त्यांनी पोथ्या जमविल्या, हा शब्द माउलींचा आहे की मागाहून आला अशी शंका घेतली, पाठ ताडून पाहिले, आणि शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. आज पारायणाला आपण जी पोथी घेतो ती त्या शंकेची कृपा. श्रद्धा नसती तर नाथांनी एवढे कष्ट घेतले नसते, आणि शंका नसती तर त्या कष्टांचा उपयोग झाला नसता. नाथांनी पोथीत जे केले तेच दासोपंतांनी आयुष्यात केले.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी अंबाजोगाईत देह ठेवला. वय चौसष्टच्या घरात. नाथांची फाल्गुन वद्य षष्ठी आणि पंतांची माघ वद्य षष्ठी. एका महिन्याच्या अंतराने दोघांचे उत्सव येतात. अंबाजोगाईत थोरले देवघर आणि धाकटे देवघर या नावांनी त्यांची परंपरा चालत आली आहे.

आता तात्पर्य. बीदरच्या दरबारात कोण आले होते, हे आज कोणी सिद्ध करून दाखवू शकणार नाही, आणि कोणी खोडूनही काढू शकणार नाही. त्यावर भांडणाऱ्यांनी खुशाल भांडावे. परंतु त्या एका प्रश्नापायी एक मनुष्य उठला, बारा वर्षे बसला, परत आला, आणि उरलेले सगळे आयुष्य लिहीत राहिला, याची चोवीस हात साक्ष उभी आहे. आपल्या मनात शंका आली तर ती लपवू नये, तिची लाजही वाटू देऊ नये. मात्र तिला घरात बसवून ठेवू नये. बसलेली शंका कुजते, माणसाला कडू करते. तिला बरोबर घ्यावे, तुळशीमाळेबरोबर गळ्यात घालावे आणि वाटेला लागावे. मृदंगाच्या तालावर पावले पडत असताना ती आपोआप बोलू लागते, मागे चालणारा कोणी अनुभवी म्हातारा तिला उत्तर देतो, नाहीतर चालणेच तिचे उत्तर होते.

आणि जे मागे घरी राहिले, ज्यांना वारी घडत नाही, ज्यांच्या दारी ना दत्ताजी आला ना विठू, आणि तरीही जे सांजेला दिवा लावतात, त्यांनी वाणीसंगमावरच्या त्या माउलीला आठवावे. बारा वर्षे तिला कोणी दर्शन दिले नाही. तरी तिचे कपाळ पुसले गेले नव्हते.

पुढच्या वेळी दिंडी अंबाजोगाईस उतरली, की योगेश्वरीचे दर्शन झाल्यावर थोडी वाट वाकडी करून पंतांच्या समाधीवर डोके ठेवावे. मनात असेल तो प्रश्न तेथे सांगावा. तो ऐकण्याचा अधिकार त्यांना आहे. पुंडलीकवरदा हरि विठ्ठल.